न फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनची गिरकी

१.
विज्ञानाच्या इतिहासात काही शब्द असे आढळतात, की त्यांचा मूळ अर्थ केव्हाच मोडीत निघाला, पण शब्द मात्र टिकून राहिला. ‘स्पिन’ हा त्यांतलाच एक. स्पिन म्हणजे गिरकी, स्वतःभोवती फिरणे. इलेक्ट्रॉनला स्पिन असतो, हे आज महाविद्यालयाची पायरी चढलेला विद्यार्थीही सांगतो. आणि इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा खरोखर फिरत नसतो, हेही त्याला त्याच तासाला सांगितले जाते. मग हा शब्द आला कोठून? फिरणाऱ्या विद्युतभारित गोळ्याची कल्पना कोणाला सुचली, ती कोणी हसण्यावारी नेली, चुकीची असूनही ती फळाला कशी आली आणि श्रेय कोणाच्या पदरी पडले? मुख्यतः १९२२ ते १९२८ या काळातली ही हकीकत आहे. तिचा एक धागा पुढे बंगळूर आणि मुंबईपर्यंत येतो.

२.
आरंभी साधनांविषयी दोन शब्द. बखर आणि अस्सल कागद यांतील भेद इतिहासप्रेमी वाचकांस सांगावयास नको. या हकीकतीचीही दोन प्रकारची साधने आहेत. त्या त्या वेळी लिहिलेली पत्रे आणि नियतकालिकांत छापलेली टिपणे ही अस्सल. त्या घटनांतील माणसांनी पुढे अनेक वर्षांनी सांगितलेल्या आठवणी या बखरीच्या जातीच्या: रसाळ, बहुधा विश्वासार्ह, परंतु ताडून घेण्याजोग्या. जेथे आठवणीवर भिस्त आहे, तेथे पुढे तसे म्हटले आहे.

३.
कथेची सुरुवात १८९६ साली नेदरलँड्समधील लायडन येथे होते. पीटर झेमान यांनी सोडियमची ज्योत प्रबळ विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ठेवली, तेव्हा तिच्या वर्णपटातील रेषा रुंदावल्या. हेंड्रिक लोरेन्त्झ यांनी त्याची उपपत्ती सांगितली: अणूच्या आत विद्युतभारित कण हालत असतील, तर चुंबकीय क्षेत्रात एका वर्णरेषेच्या तीन रेषा व्हाव्यात. या कार्याबद्दल दोघांना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु निसर्ग या हिशेबाला बांधील नव्हता. डब्लिनचे थॉमस प्रेस्टन यांनी लवकरच दाखवून दिले, की कित्येक रेषा तीन भागांत फुटतच नाहीत. सोडियमच्या प्रसिद्ध पिवळ्या जोडरेषांपैकी एकीच्या चार होतात, दुसरीच्या सहा. याला ‘विसंगत झेमान परिणाम’ हे नाव पडले. नावातच पराभवाची कबुली होती. पाव शतकाहून अधिक काळ या विसंगतीचा उलगडा कोणालाही झाला नाही.

४.
१९१३ मध्ये नील्स बोर यांनी अणूचे नवे चित्र मांडले. मध्यभागी केंद्रक, भोवती ठरावीक कक्षांतून फिरणारे इलेक्ट्रॉन. म्युनिकच्या आर्नोल्ड सोमरफेल्ड यांनी त्यात भर घातली. इलेक्ट्रॉनच्या कक्षेचा आकार, तिची लांबट वा गोल ठेवण आणि अवकाशातील तिचा कल, या तिन्ही गोष्टी पूर्णांकांनी ठरतात, असे त्यांनी मांडले. हे पूर्णांक म्हणजे पुंजांक. तिसऱ्या पुंजांकाचा अर्थ मोठा चमत्कारिक होता. चुंबकीय क्षेत्रात कक्षेचे पातळ हवे तसे कललेले राहू शकत नाही, काही मोजकेच कल तिला मोकळे असतात. पुष्कळांना ही केवळ हिशेबाची सोय वाटे. हे खरोखर घडते काय, ते पाहण्याचे ओटो स्टर्न यांनी ठरवले.

५.
स्थळ फ्रँकफुर्ट. महायुद्ध हरलेल्या जर्मनीत चलनाची किंमत घसरत चाललेली, प्रयोगशाळेत पैशांची चणचण. त्या विभागाचे प्रमुख माक्स बोर्न यांनी सापेक्षता सिद्धांतावर जाहीर व्याख्याने दिली आणि तिकीटविक्रीचे पैसे प्रयोगाकडे वळवले. न्यूयॉर्कचे धनिक हेन्री गोल्डमन यांच्याकडूनही मदत आली. स्टर्न यांची कल्पना आणि वाल्टर गेर्लाख यांचे हात, असा हा जोडप्रयोग होता. निर्वात नळीत चांदी तापवून तिची वाफ करायची, बारीक फटींतून तिचा झोत काढायचा, तो विषम चुंबकीय क्षेत्रातून न्यायचा आणि काचेच्या पट्टीवर झेलायचा. अणूंची टोके हव्या त्या दिशेला वळलेली असतील, तर पट्टीवर एकच रुंद डाग उमटावा. मोजकेच कल असतील, तर डाग फुटावा.

६.
फेब्रुवारी १९२२ मध्ये डाग फुटला. त्याचे नेमके दोन भाग झाले. स्टर्न उतारवयात सांगत, की काचेवरची चांदी प्रथम दिसेचना. आपण ओढत असलेल्या स्वस्त चिरुटांतल्या गंधकामुळे ती काळी पडली आणि रेषा उमटल्या. ही झाली बखर. अस्सल कागद म्हणजे ८ फेब्रुवारी १९२२ चे पोस्टकार्ड. गेर्लाख यांनी त्यावर आधीचे आणि नंतरचे छायाचित्र लावून बोर यांचे सिद्धांत खरा ठरल्याबद्दल अभिनंदन केले. गंमत अशी, की अभिनंदन चुकीच्या गोष्टीबद्दल होते. चांदीच्या अणूतील ज्या एकट्या इलेक्ट्रॉनमुळे डाग दुभंगला, त्याच्या कक्षेला कोनीय संवेगच नसतो, हे पुढे कळले. म्हणजे त्या दोन रेषा इलेक्ट्रॉनच्या स्पिनच्या होत्या. स्पिन डोळ्यांसमोर आला तेव्हा त्याला नावही नव्हते, आणि त्याला ओळखणारेही कोणी नव्हते.

७.
आता हॅम्बुर्ग. तेथे वोल्फगांग पाउली हे चोविशीतले भौतिकशास्त्रज्ञ याच विसंगत परिणामाने हैराण झाले होते. बुद्धी तीक्ष्ण आणि जिभेची धार त्याहून तीक्ष्ण, अशी त्यांची ख्याती. १९२४ च्या अखेरीस त्यांनी निष्कर्ष काढला, की इलेक्ट्रॉनच्या वर्णनाला तीन पुंजांक पुरत नाहीत. चौथा हवा, आणि त्याला दोनच मूल्ये असावीत. हे मान्य केले, की अणूतील कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनांचे चारही पुंजांक सारखे असू शकत नाहीत, असा नियम सांगता येतो. हेच ते अपवर्जन तत्त्व. मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीची घडण त्यातून उलगडते. परंतु हा चौथा पुंजांक म्हणजे प्रत्यक्षात काय? पाउली म्हणाले, ही अशी द्विमूल्यता आहे, जिचे जुन्या भौतिकशास्त्राच्या भाषेत वर्णन करता येत नाही. चित्र काढण्यास त्यांनी निक्षून नकार दिला. हा नकार ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे मोल कळेल.

८.
जानेवारी १९२५. राल्फ क्रोनिग हे विशीतले संशोधक अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठातून युरोपात आले होते. टुबिंगेन येथे आल्फ्रेड लांडे यांनी त्यांना पाउलींचे एक ताजे पत्र दाखवले. त्यात चौथ्या पुंजांकाची हकीकत होती. क्रोनिग यांच्या मनात तत्काळ चित्र उभे राहिले: पृथ्वी सूर्याभोवती फिरताना स्वतःभोवतीही फिरते, तसा इलेक्ट्रॉनही स्वतःच्या आसाभोवती फिरत असला तर? विद्युतभार असलेला गोळा फिरला, की तो लहानसा चुंबक होणारच. त्या चुंबकाची दोनच दिशांना तोंडे असू शकली, तर चौथ्या पुंजांकाची दोन मूल्ये मिळतात. त्याच दिवशी त्यांनी जोडरेषांमधील अंतराचे सूत्र मांडून पाहिले. सूत्राची घडण बरोबर आली. उत्तर मात्र प्रयोगातील आकड्याच्या दुप्पट येत होते.

९.
दुसऱ्याच दिवशी पाउली टुबिंगेनला आले. क्रोनिग यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणीत लिहिले आहे, की पाउली म्हणजे कोणी दाढीवाले वयस्क गृहस्थ असतील, अशी त्यांची समजूत होती. समोर आला तो जेमतेम चार वर्षांनी मोठा तरुण. पाउलींनी कल्पना ऐकली आणि मत दिले: कल्पना चतुर आहे, पण निसर्गाशी तिचा काही संबंध नाही. पुढे कोपनहेगनला गेल्यावर तेथील मंडळींतही क्रोनिग यांना उत्साह दिसला नाही. त्यांनी ती कल्पना छापलीच नाही. त्यांचा हिशेब कोणत्याही नियतकालिकात गेला नाही, म्हणून त्या कल्पनेची तारीख आज आपल्याला आठवणींतून आणि खासगी पत्रांतून शोधावी लागते.

१०.
पाउलींची हेटाळणी अहंकारातून आली, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे; परंतु आक्षेपात दम होता. हिशेब आपणही करून पाहू. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार आणि वस्तुमान यांवरून त्या काळी त्याची त्रिज्या सुमारे २.८ फेम्टोमीटर धरत. एक फेम्टोमीटर म्हणजे एका मीटरचे दहाचा पंधरावा घात इतके भाग करून त्यांतला एक. एवढ्या गोळ्याला स्पिनइतका कोनीय संवेग द्यायचा, तर त्याच्या विषुववृत्तावरील बिंदू प्रकाशाच्या सुमारे १७० पट वेगाने धावायला हवेत. सापेक्षता सिद्धांत याला साफ मनाई करतो. वेग प्रकाशाइतका ठेवायचा म्हटले, तर इलेक्ट्रॉन १७० पट फुगवावा लागतो. मग तो अणुकेंद्राहूनही कितीतरी मोठा होतो. आक्षेप बिनतोड होता, आणि आजही बिनतोड आहे.

११.
आता पुन्हा लायडन. १९२५ च्या उन्हाळ्यात जॉर्ज उलेनबेक रोमहून परतले. ते डच राजदूताच्या मुलाचे शिक्षक म्हणून तेथे होते. रोममध्ये त्यांना इतिहासाचे वेड लागले. सतराव्या शतकाच्या आरंभी तेथे विज्ञानसभा स्थापणाऱ्यांपैकी एक असलेल्या योहानेस हेकियस या डच वैद्याविषयी त्यांनी शोधनिबंधही लिहिला. भौतिकशास्त्र सोडून इतिहासकार व्हावे काय, या विचारात ते होते. लायडनचे प्राध्यापक पाउल एहरेनफेस्ट यांनी त्यांची गाठ सॅम्युएल गाउडस्मिट यांच्याशी घालून दिली. गाउडस्मिट तेवीस वर्षांचे. वर्णरेषांच्या आकड्यांतून नियम हुडकण्यात त्यांचा हातखंडा. उलेनबेक यांना वर्णपटांची माहिती थोडी, पण जुने भौतिकशास्त्र पक्के. एकाने शिकवावे, दुसऱ्याने प्रश्न विचारावेत, असा क्रम सुरू झाला.

१२.
गाउडस्मिट यांनी पाउलींचे चार पुंजांक समजावले, तेव्हा उलेनबेक यांना मूळ प्रश्न पडला. प्रत्येक पुंजांकामागे हालचालीचा एक स्वतंत्र प्रकार असतो. अवकाशाच्या तीन दिशांचे तीन झाले. मग चौथा म्हणजे इलेक्ट्रॉनचे स्वतःभोवती फिरणेच असले पाहिजे. क्रोनिग यांनी हेच चित्र काही महिन्यांपूर्वी पाहिले होते, आणि चुंबकत्वाच्या उलगड्यासाठी आर्थर कॉम्प्टन यांनीही १९२१ मध्ये फिरत्या इलेक्ट्रॉनची कल्पना मांडली होती. या दोघांना त्यांतले काही ठाऊक नव्हते. एक अडचण होती: प्रयोगातील आकडे जुळण्यासाठी स्पिनपासून मिळणारे चुंबकत्व कक्षेतील फिरण्याच्या मानाने दुप्पट हवे. एहरेनफेस्ट यांनी माक्स आब्राहम यांचा १९०३ चा जुना निबंध दाखवला. पृष्ठभागावर विद्युतभार पसरलेला गोळा फिरला, तर हे प्रमाण दोन येते, असे त्यात दिसून आले. कल्पनेला बळ आले.

१३.
पुढचा प्रसंग उलेनबेक यांनी उत्तरायुष्यात अनेकदा सांगितला. एहरेनफेस्ट यांनी त्यांच्याकडून छोटे टिपण लिहवून घेतले आणि वृद्ध लोरेन्त्झ यांचा सल्ला घ्या म्हणून सांगितले. लोरेन्त्झ यांनी काही दिवसांनी सुवाच्य अक्षरात लिहिलेला हिशेबांचा गठ्ठा हाती ठेवला. निष्कर्ष मघाचाच: पृष्ठभागाचा वेग प्रकाशाला कितीतरी मागे टाकतो. घाबरलेले उलेनबेक एहरेनफेस्ट यांच्याकडे धावले आणि टिपण छापू नये म्हणून विनवू लागले. एहरेनफेस्ट शांतपणे म्हणाले, ते तर केव्हाच पाठवून दिले. तुम्ही दोघे तरुण आहात, एखादा मूर्खपणा तुम्हाला परवडेल. १७ ऑक्टोबर १९२५ अशी तारीख असलेले हे टिपण २० नोव्हेंबरला ‘नातुरविसेनशाफ्टेन’ या जर्मन साप्ताहिकात छापून आले. ही तारीख अस्सल आहे, आणि श्रेयाचा निवाडा पुढे तिच्यावरूनच झाला.

१४.
डिसेंबर १९२५. लोरेन्त्झ यांच्या डॉक्टरेटला पन्नास वर्षे झाली, म्हणून लायडनला समारंभ होता. बोर रेल्वेने निघाले. हॅम्बुर्गच्या फलाटावर पाउली आणि स्टर्न त्यांना गाठून स्पिनविषयी सावध करून गेले. लायडनला उतरताच एहरेनफेस्ट आणि आइन्स्टाइन सामोरे आले. बोर यांची शंका अशी, की केंद्रकाच्या विद्युतक्षेत्रात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनला चुंबकीय क्षेत्र जाणवेल तरी कोठून? आइन्स्टाइन यांचे उत्तर तयार होते. इलेक्ट्रॉनवर बसून पाहिले, तर केंद्रकच आपल्याभोवती फिरताना दिसते. आणि फिरता विद्युतभार चुंबकीय क्षेत्र निर्माण करतोच. बोर यांचे मत तेथेच पालटले. परतीच्या वाटेवर ते ग्योटिंगेन आणि बर्लिन येथे नव्या मताचा प्रचार करीत गेले. मुद्दाम बर्लिनला येऊन भेटलेले पाउली मात्र बधले नाहीत. कोपनहेगनचे हे नवे पाखंड म्हणून त्यांनी खेद केला.

१५.
दुप्पट उत्तराचा तिढा अजून सुटला नव्हता. क्रोनिग यांना तोच नडला होता. आता हायझेनबर्ग आणि पाउली हेही त्याच्यावर बोट ठेवीत होते. तो सोडवला कोपनहेगनला आलेल्या लुएलिन थॉमस या इंग्रज तरुणाने. इलेक्ट्रॉन सरळ रेषेत जात नाही, तो सतत वळत असतो. सापेक्षता सिद्धांतानुसार अशा वळत्या कणाच्या दृष्टीने अवकाशातील दिशाही हळूहळू फिरत जातात. हा परिणाम धरला, की इलेक्ट्रॉनचा आस जितका डोलेल असे वाटत होते, त्याच्या निम्माच डोलतो. दोनाला दोनाने भाग गेला आणि प्रयोगाशी मेळ बसला. थॉमस यांचे टिपण एप्रिल १९२६ मध्ये ‘नेचर’मध्ये छापले गेले. ज्या सिद्धांताच्या आधारे गोळ्याचे फिरणे अशक्य ठरत होते, त्याच सिद्धांताने त्या फिरण्याचा हिशेब चुकता केला.

१६.
मार्च १९२६ मध्ये पाउलींनी बोर यांना पत्र लिहून शरणागती कळवली. त्याच महिन्यात थॉमस यांनी गाउडस्मिट यांना एक पत्र लिहिले. क्रोनिग यांची हकीकत त्यांच्या कानी आली होती. ईश्वर अचूक असेल, पण पृथ्वीवर स्वतःला त्याचा प्रतिनिधी म्हणवणारा अचूक असतोच असे नाही, या अर्थाचा टोला त्यात आहे. रोख पाउलींकडे होता. पाउलींच्या बाजूने हेही नोंदवले पाहिजे, की एकदा पटल्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. १९२७ मध्ये त्यांनी स्पिनला नव्या पुंजयामिकीत आणले. त्यासाठी दोन ओळी आणि दोन स्तंभांच्या तीन सारण्या त्यांनी वापरल्या. जगभरचे विद्यार्थी त्यांना आज ‘पाउली मॅट्रिक्स’ म्हणून ओळखतात. या मांडणीत गोळा नाही, आस नाही, पृष्ठभाग नाही. चित्र काढायचे नाही, हा त्यांचा पहिला आग्रह अखेर गणिताच्या रूपाने पुरा झाला.

१७.
तरीही स्पिन बाहेरून आणून जोडल्यासारखा दिसत होता. तो उणेपणा केंब्रिजच्या पॉल डिरॅक यांनी भरून काढला. १९२८ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी पुंजयामिकी आणि सापेक्षता सिद्धांत या दोघांना एकाच वेळी मानवेल असे इलेक्ट्रॉनचे समीकरण मांडले. स्पिन त्यात गृहीत धरलेला नव्हता. समीकरण सोडवताना तो आपसूक बाहेर आला, आणि चुंबकत्वाचे ते ‘दोन’ प्रमाणही बरोबर आले. फिरत्या गोळ्याच्या चित्राची गरज येथे संपली. पुढे १९४७ मध्ये पॉलिकार्प कुश आणि हेन्री फोली यांच्या मापनांतून दिसले, की हे प्रमाण नेमके २ नसून सुमारे २.००२३ आहे. ज्युलियन श्विंगर यांनी १९४८ मध्ये त्या जादा अंशाचे कारण सांगितले. आज हा आकडा बारा दशांश स्थळांपर्यंत मोजला गेला आहे आणि सिद्धांताशी त्याचे विलक्षण जुळते.

१८.
मग स्पिन म्हणजे काय? तो कोनीय संवेगच आहे. नेहमीच्या फिरण्यासारखाच मोजता येतो, एकातून दुसऱ्यात जाऊ शकतो. परंतु त्याच्यामागे कोणत्याही वस्तूचे कोणतेही भाग फिरत नसतात. विद्युतभार आणि वस्तुमान यांप्रमाणे तो कणाचा अंगभूत गुण आहे. त्याची एक खूण तर कोणत्याही भोवऱ्यात सापडणार नाही. भोवरा एक पूर्ण फेरी, म्हणजे ३६० अंश फिरवला, की पूर्ववत होतो. इलेक्ट्रॉनच्या गणिती वर्णनाचे चिन्ह एका फेरीनंतर उलटते. ते मूळपदावर यायला दोन फेऱ्या, ७२० अंश लागतात. ही केवळ कागदावरची करामत नाही. इलेक्ट्रॉनइतकाच स्पिन असलेल्या न्यूट्रॉनांवर प्रयोग करून १९७५ मध्ये हा परिणाम प्रत्यक्ष दाखवण्यात आला.

१९.
तथापि जुने चित्र रद्द झाले म्हणून निरुपयोगी ठरले नाही. फिरत्या विद्युतभारित कणाची पुंजयामिकीशिवायची, पण सापेक्षतेला धरून असलेली समीकरणे रशियात याकोव्ह फ्रेंकेल यांनी १९२६ मध्येच मांडली होती. हाच धागा भारतात आला. १९३९ मध्ये मुंबईचे होमी भाभा केंब्रिजहून सुटीवर आले असता दुसरे महायुद्ध पेटले आणि ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राहिले. हर्बर्ट कॉर्बेन यांच्यासह त्यांनी लिहिलेला विद्युतचुंबकीय क्षेत्रातील फिरत्या कणांविषयीचा निबंध १९४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यांनी गोळा सोडून बिंदू घेतला: विद्युतभार, चुंबकत्व आणि स्पिन असलेला, पण आकारमान नसलेला. बिंदूला पृष्ठभागच नसतो, तेव्हा त्याच्या वेगाचा लोरेन्त्झ यांना पडलेला प्रश्न उरत नाही. कण स्वतः उत्सर्जित केलेल्या प्रारणाचा त्याच्यावरच होणारा परिणामही त्यांनी हिशेबात धरला.

२०.
बंगळूरला भाभांच्या हाताखाली काम केलेले हरीश-चंद्र पुढे केंब्रिजला डिरॅक यांचे विद्यार्थी झाले आणि नंतर विसाव्या शतकातील थोर गणितज्ञांत गणले गेले. भाभांनी १९४५ मध्ये उभारलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था त्याच वर्षी बंगळूरहून मुंबईत आली. फिरत्या कणाच्या अभिजात समीकरणांची उपयुक्तताही संपली नाही. १९५९ मध्ये बार्गमान, मिशेल आणि तेलेग्दी यांनी चुंबकीय क्षेत्रात धावणाऱ्या कणाचा स्पिन कसा डोलतो, याचे सुटसुटीत समीकरण दिले. वर्तुळाकार यंत्रांत म्यूऑन फिरवून त्यांचे चुंबकत्व मोजणारे प्रयोग आजही त्याचा आधार घेतात. आणि रुग्णालयातील एमआरआय यंत्र आपल्या शरीरातील हायड्रोजनच्या केंद्रकांचे स्पिनच हालवून त्यांचा प्रतिसाद टिपत असते.

२१.
आता श्रेयाचा हिशेब. स्टर्न, पाउली आणि डिरॅक यांना नोबेल मिळाले, पण ते निरनिराळ्या कार्यांसाठी. स्पिनची कल्पना छापणाऱ्या उलेनबेक आणि गाउडस्मिट यांना ते कधीच मिळाले नाही. क्रोनिग यांनाही नाही. १९२७ मध्ये ते दोघे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात गेले. गाउडस्मिट यांचे आईवडील नाझींच्या छळछावणीत मारले गेले. एहरेनफेस्ट यांनी १९३३ मध्ये स्वतःचे जीवन संपवले. क्रोनिग १९२८ मध्ये झुरिचला साहाय्यक म्हणून रुजू झाले ते पाउलींकडेच, आणि तो जुना प्रसंग त्यांनी कडवटपणाने कधी उगाळला नाही. जर्मन भौतिकी संस्थेचे माक्स प्लांक पदक १९६२ मध्ये क्रोनिग यांना आणि १९६४ मध्ये उलेनबेक व गाउडस्मिट यांना देण्यात आले. न्याय झाला असेल, तर तो इतकाच आणि इतक्या उशिरा.

२२.
या हकीकतीचा सारांश ‘तरुण बरोबर, वडीलधारे चूक’ असा काढला, तर कागदपत्रांवर अन्याय होईल. पाउली आणि लोरेन्त्झ यांचा आक्षेप अक्षरशः खरा होता. इलेक्ट्रॉन हा फिरणारा गोळा नाहीच. परंतु ‘हे चित्र अशक्य आहे’ यावरून ‘या कल्पनेत काही नाही’ असे ठरत नाही. चित्र आणि कल्पना या दोन गोष्टी आहेत. चित्र गेले, कल्पना राहिली आणि चित्राचे नाव तिला चिकटून राहिले. टुबिंगेन आणि लायडन यांच्यातला फरक बुद्धीचा नव्हता, आक्षेपाचाही नव्हता; आक्षेप दोन्हीकडे एकच होता. एकीकडे ज्याच्या शब्दाला वजन होते त्याने मोडीत काढले. दुसरीकडे ज्याच्या शब्दाला वजन होते त्याने चुकण्याची जोखीम शिष्यांना घेऊ दिली आणि कागद टपालात टाकला. इतिहासात नाव राहिले ते त्या कागदामुळे.

बहुत काय लिहिणे? लेखनसीमा.